कविता वाचायला नंबर कशाला?

लॉकडाऊनमधली ई-प्रमाणपत्रे मी अजून मोबाइलमधून काढून टाकलेली नाहीत. मध्यंतरी एकदा मोजली, तर ६३ भरली. 'कोविडोत्तर मराठी कविता', 'संत साहित्यातील आरोग्यविचार', 'बोलीभाषांचे भवितव्य' इथपर्यंत ठीक आहे. पण त्यांत एक 'मधमाशीपालन : संधी आणि आव्हाने' असेही आहे. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या बाईने मधमाशीपालनाच्या वेबिनारमध्ये काय केले असेल? काही नाही. लिंक आली, बोट लावले, आत गेले. शेवटी फॉर्म आला. नाव, मोबाइल, ई-मेल, गाव, जन्मतारीख, सगळे लिहिले आणि प्रमाणपत्र घेतले. तो फॉर्म कुणाकडे गेला, माझी जन्मतारीख मधमाश्यांना कशाला हवी होती, हे विचारावे असे मनातसुद्धा आले नाही.

पुढे जे घडले त्याची मुळी या न विचारण्यात आहे, म्हणून हे आधी सांगितले.

२४ मार्च २०२० च्या रात्री देश बंद झाला. ज्या देगलूर नाक्यावर रात्री उशिरापर्यंत माणसांची ये-जा थांबत नाही, तिथे कुत्री रस्त्याच्या मधोमध झोपू लागली. रमजान आला तो घरातच आला. तरावीह घरात, ईदची नमाजही घरात. माणूस माणसाला भेटेनासा झाला आणि मग ज्याच्या हाती मोबाइल होता तो प्रत्येकजण वेबिनार घेऊ लागला.

आम्हा नांदेड-लातूरच्या लिहिणाऱ्या मंडळींची एक बैठक आहे. तिला ना नोंदणी, ना लेटरहेड. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत जी मंडळी एकमेकांना शोधत गेली, त्यातली ही एक. घरात दखनी बोलणारी आणि वहीत मराठी लिहिणारी माणसे. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचे, चहा-खारी घ्यायची, नवे लिहिलेले वाचायचे. लातूरची मंडळी सकाळच्या एस.टी.ने चाकूर, अहमदपूर, लोहा करीत यायची आणि रात्री परत जायची. या बैठकीला दार असे कधी लावलेच नाही. उंबऱ्यापाशी चपला दिसल्या की येणाऱ्याने समजायचे, सुरू झाले आहे, आणि आत यायचे. नवा माणूस आला तर आधी पाणी विचारायचे, नाव मागाहून.

हीच रीत आम्ही झूमवर नेली.

त्या दिवसांत झूमचे वेड काय होते ते आकड्यांनी कळेल. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या सभांना एका दिवसात जास्तीत जास्त १ कोटीच्या आसपास हजेरी लागत होती. मार्च २०२० मध्ये ती २० कोटींच्या वर गेली. फुकटच्या खात्यावर ४० मिनिटांनी सभा आपोआप तुटायची. कवींना वेळेत आवरायला लावणारे असे साधन मी त्याआधी पाहिले नव्हते आणि त्यानंतरही पाहिले नाही.

माझ्या भाच्याचे झेरॉक्स आणि मोबाइल रिचार्जचे दुकान आहे. त्याने सगळे अंगावर घेतले. सुंदर पोस्टर केले. वर चंद्र, खाली लेखणी, मध्ये सहा कवींचे फोटो. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव, गाव, कॉलेज किंवा व्यवसाय. सर्वांत खाली ठळक अक्षरांत मीटिंगचा आयडी, पासकोड आणि 'सर्वांनी अगत्य यावे'. मी ते पोस्टर माझ्या हाताने तीसेक ग्रुपांवर टाकले. कुलपाची किल्ली कुलपालाच दोरीने बांधून ठेवावी तसा तो पासकोड होता. पण ते आता दिसते. तेव्हा मला पोस्टरवरचा चंद्र तेवढा दिसत होता.

शिवाय प्रमाणपत्रासाठी फॉर्म. त्यात मोबाइल नंबर 'अनिवार्य' करा, असे मीच सांगितले. का सांगितले? सगळ्यांच्या फॉर्ममध्ये असतो, म्हणून.

सहा कवींत एक मुलगी होती. लातूरची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची. तिचे नाव इथे लिहीत नाही. वडील शिंपी. लग्नसराई बुडालेली, म्हणून घरात मास्क शिवत होते. तिने यापूर्वी चारचौघांत कधी कविता वाचली नव्हती. मला फोन करून तीन वेळा विचारले, "आपा, वही हातात धरली तर चालेल ना? पाठ होत नाहीये." तिला स्वतःचा मोबाइल नव्हता. फॉर्ममध्ये तिने वडिलांचा नंबर लिहिला.

जुलैचा शेवटचा रविवार. बकरी ईद तोंडावर आलेली. चार वाजता सुरू केले आणि दहा मिनिटांत ९७ माणसे आत. आमच्या बैठकीला एवढी माणसे कधी आली नव्हती. अध्यक्ष गहिवरून बोलले. त्यांच्या पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या त्या सर्वांनी ऐकल्या. मी आनंदात होते. या ९७ मध्ये माझ्या ओळखीची नावे किती, हे मोजावे असे वाटले नाही. आमचीच काही माणसे त्या वेळी 'जागा नाही' म्हणून बाहेर अडकली होती, हे नंतर कळले.

तिसरी पाळी तिची. शिलाई मशीनला टेकवून मोबाइल ठेवला होता. मागे पिवळी भिंत, मशीनचे चाक अर्धे दिसत होते. तिने वही उघडली, मान खाली घातली आणि वाचायला सुरुवात केली. कविता तिच्या अम्मीच्या हातांवर होती.

दोन ओळी झाल्या असतील. कुणीतरी सिनेमातले गाणे मोठ्याने लावले. मला वाटले, कुणाच्या घरी टी.व्ही. चालू राहिला. मग हसण्याचे आवाज. मग बाजूच्या रकान्यात मजकूर पडू लागला. आपल्या धर्मावरून ज्या शिव्या आपण सर्वांनी कधी ना कधी वाचल्या आहेत त्या, आणि बाईजातीला दिल्या जातात त्या. लिहिणाऱ्यांची नावे 'गेस्ट', 'यूजर', अशी. एकाने तर माझेच नाव लावले होते. माझ्या नावाने शिव्या पडत होत्या. आणि मग पडद्यावर मुलीचा चेहरा बारीक होऊन कोपऱ्यात गेला आणि मधोमध जे दिसू लागले ते मी लिहिणार नाही.

भाचा होस्ट होता. त्याच वेळी दुकानात आधार कार्डाच्या झेरॉक्ससाठी दोन गिऱ्हाइके आली होती, मोबाइल काउंटरवर उलटा. मी सहहोस्ट होते, म्हणजे माझ्याकडेही अधिकार होते. पण कुठले बटण कुठे असते ते मला ठाऊक नव्हते. मी "अहो, अहो" करीत राहिले. तीस वर्षे वर्ग सांभाळलेली बाई! वर्गात असते तर उठून दार लावले असते. इथे दार कुठे आहे तेच मला माहीत नव्हते.

सात मिनिटे हे चालले. पण त्यातले माझ्या डोळ्यांपुढून न जाणारे दृश्य वेगळेच आहे. ती मुलगी वाचत होती. तिची मान खाली होती, वहीत. गोंगाट आमच्यापैकी कुणाच्या घरातला असेल असे तिला वाटले. आवाज थोडा वाढवून ती वाचत राहिली. कडवे संपवून तिने मान वर केली.

रात्री फोन सुरू झाले. वडिलांच्या मोबाइलवर. नंबर कुठून गेला याचा शोध घेतला, तर तो आमच्या फॉर्ममधून गेलेला. फॉर्म भरून झाला की 'आधीचे प्रतिसाद पाहा' अशी ओळ येत होती. त्यावर बोट ठेवले की आधी भरलेल्या सगळ्यांची नावे आणि नंबर समोर. गुगलच्या फॉर्ममध्ये ही सोय असते. सुरू करायची की बंद ठेवायची हे करणाऱ्याच्या हाती असते. आमची सुरू राहिली होती. तीन दिवसांत चाळीसच्या आसपास फोन आले. काहींत घाण बोलणे. काही नुसतेच श्वास घेत राहिले. आणि दोन-तीन फोन असे, की ते सलाम करून सुरू झाले. 'आपली मुलगी तोंड उघडे टाकून परपुरुषांत शायरी करते, हे आपल्याला शोभते का' अशी विचारणा करणारे. सभेत शिव्या देणारे आणि सलाम करून जाब विचारणारे, दोघांनीही नंबर त्याच ठिकाणाहून उचलला होता.

कुणीतरी दुसऱ्या मोबाइलने पडद्याचे चित्रीकरण केले होते. ती चाळीस सेकंदांची क्लिप दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आठ जणांनी पाठवली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त करून. रडणारे चेहरे, जोडलेले हात, 'अफसोस', 'किती वाईट'. त्यांतले एक आमच्या बैठकीतले. आणि मी काय केले? 'हे कसे थांबवायचे रे?' असे लिहून मीही ती भाच्याला पाठवली. शिव्या देणारा एकदा देऊन गेला. ती क्लिप लातूरच्या गल्लीगल्लीत नेली ती हळहळणाऱ्यांनी.

त्यानंतरची चूक आणखी मोठी. लाजेपोटी आम्ही सगळे पुसून टाकले. ग्रुप बंद केला, फॉर्म काढला, क्लिप काढली, बाजूच्या रकान्यातला मजकूर कुणी उतरवून घेतला नव्हताच. आठवड्याने एका ओळखीच्या वकिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, तक्रार करायची तर आधी हातात काहीतरी ठेवायचं असतं." २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ असे आहे, की अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पसरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पण कायद्याला तारीख, वेळ, दिसलेली नावे, फोन आलेले नंबर, पडद्याचे फोटो हे लागते. आमच्याकडे फक्त लाज शिल्लक होती. तरीही मी आयोजक म्हणून माझ्या नावाने केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाकली. स्त्रियांसंबंधीची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते, हे त्या वेळी कळले. पोच क्रमांक मिळाला. पुढे काही हाती लागले नाही, आणि आम्हीच पुरावा पुसल्यावर लागणार तरी काय?

२० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेरची एस.टी. सुरू झाली. तीन-चार दिवसांनी मी लातूरला गेले. गाडीत बारा-पंधरा माणसे, सगळी खिडकीशी. गंजगोलाईत उतरले. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात त्या गोलाईत इतकी शांतता मी पूर्वी पाहिली नव्हती. तिथून त्यांचे घर पायी दहा मिनिटे.

तेच घर, तीच पिवळी भिंत, मशीन. कोपऱ्यात मास्कचा ढीग, निळे आणि पांढरे. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. मुलगी आतून चहा ठेवून गेली, बसली नाही. मी बरेच बोलले. माफी मागितली, जग किती वाईट आहे ते सांगितले, तिने लिहिणे सोडू नये हेही सांगितले. ते ऐकत होते. हातातला मास्क उलटसुलट करीत होते. मग म्हणाले,

"मॅडम, बुरा नक्को मानो. एक बात पूछूं? कविता पढनेकू फोन नंबर कायकू होना?"

मला उत्तर देता आले नाही. ते चिडून विचारत नव्हते. त्यांना खरोखरच कळून घ्यायचे होते, की या कामाला नंबर लागतो तो कशासाठी. कपडे शिवायला माप लागते, तसे काही असेल असे त्यांना वाटत असावे. मी म्हणाले, "प्रमाणपत्र भेजनेकू." ते म्हणाले, "वो तो आया नै."

आलेच नव्हते. त्या गोंधळात प्रमाणपत्रे कुणालाच गेली नव्हती.

परत येताना अहमदपूरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. बाकी सगळे विसरता येईल. त्यांचा प्रश्न खाली ठेवता येईना.

घरी येऊन मी जे आधी करायला हवे होते ते केले. भाच्याला घेऊन बसले आणि एकेक बटण शिकले. तेव्हा कळले, की सांगणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवले होते. अमेरिकेत एफ.बी.आय.ने ३० मार्चलाच अशा घुसखोरीबद्दल इशारा दिला होता. ती इतकी वाढली की तिला 'झूमबॉम्बिंग' असे नावही पडले होते. आपल्या गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्राने एप्रिल २०२० मध्येच, झूम सुरक्षित नाही आणि सरकारी कामाला वापरू नये, असे जाहीर करून खाजगी वापर करणाऱ्यांसाठी सूचना दिल्या होत्या. प्रत्येक सभेला नवा आयडी आणि पासवर्ड घ्या. येणाऱ्याला आधी वेटिंग रूममध्ये थांबवा. होस्टच्या आधी कुणाला आत येऊ देऊ नका. पडदा दाखवण्याचा अधिकार फक्त होस्टकडे ठेवा. बाहेर काढलेल्याला पुन्हा येऊ देऊ नका. सगळे आले की सभेला कुलूप लावा. नुसते बाहेर पडू नका, सभा संपवा. एवढ्यात आमची सातही मिनिटे वाचली असती. कंपनीनेही त्याच महिन्यापासून फुकटच्या खात्यांना पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप लावून दिली होती. मग आमची वेटिंग रूम कुठे गेली? भाचा मान खाली घालून म्हणाला, "खालाजान, ९७ लोगां कू एकेक करके कौन लेता? मैंनेच बंद किया." मी त्याला काय बोलणार? त्याच्या जागी मी असते तरी तेच केले असते. पाहुण्याला दारात उभे करणे आमच्या बैठकीत बसतच नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या सूचनांत नव्हती. बोस्टन आणि बिंगहॅमटन इथल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मधली अशी प्रकरणे तपासली. 'या सभेत घुसा' असे आवाहन लोक इंटरनेटवर जिथे टाकत होते तिथले मजकूर त्यांनी वाचले. त्यांना आढळले, की बहुतेक आवाहने बाहेरच्या हॅकरची नव्हतीच. सभेतल्याच कुणीतरी, बहुधा वर्गातल्याच विद्यार्थ्याने, लिंक आणि पासवर्ड बाहेर दिलेला असे. म्हणजे पासवर्ड ठेवून उपयोग काय? तो ज्याला दिला त्यानेच पुढे दिला. त्यांच्या मते खरा उपाय एकच, प्रत्येकाला स्वतंत्र लिंक.

हे मी वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले नाही, कारण आमच्यातला तोवर सापडला होता. आमच्याच एका कवीचा सोळा वर्षांचा मुलगा. त्याने पोस्टर मित्रांच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिले होते, 'चार बजे, मजा करेंगे'. ऑनलाइन शाळेच्या वर्गांत त्यांचे हे रोजचे चालले होते. गाणे लावायचे, सरांच्या नावाने आत यायचे. गाणे त्याच्या मित्रांचे होते. पुढचे चित्र आणि शिव्या त्यांच्या नव्हत्या. त्याच्या मित्रांनी पुढे कुणाला दिले, त्यांनी कुणाला, तो धागा परभणीच्या पुढे आम्हाला लागला नाही. मुलगा रडला. त्याच्या वडिलांनी त्याला माझ्यासमोर मारायला हात उचलला, तो मी धरला. परंतु खरे सांगायचे तर क्षणभर मलाही वाटले होते, की एक बसू द्यावी.

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून १४ कोटींहून अधिक रक्कम ऑनलाइन चोरट्यांनी उचलल्याची बातमी आली. गावभर तीच चर्चा. वजिराबादेत भाजी घेताना, दवाखान्यात, लग्नात, जिथे जावे तिथे लोक सायबर गुन्ह्यावर बोलत होते. पैसे कसे गेले, कुठल्या खात्यांत गेले, कोण पकडला गेला. बोलायलाच हवे, लोकांच्या घामाचा पैसा होता. पण मला ती लातूरची पिवळी भिंत आठवायची. पैसा गेला तर माणूस चौकात उभा राहून सांगतो. मुलीच्या वाट्याला हे आले तर घरातले खिडकी लावून घेतात आणि चोरी झाली हे सुद्धा स्वतःच लपवतात.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आम्ही पुन्हा जमलो. पोस्टर नाही. अठरा जण. प्रत्येकाला मी स्वतः फोन केला. लिंक ज्याची त्याला, अर्धा तास आधी. वेटिंग रूममध्ये मी बसले, हातात यादी. नाव दिसले की आत घ्यायचे, पडद्यावर तोंड पाहायचे, मग खूण करायची. फॉर्म नाही, प्रमाणपत्र नाही. अध्यक्ष कुरकुरले, "आपा, ही बैठक आहे की परीक्षेचं केंद्र?" मी म्हणाले, "परीक्षाच समजा." त्यांनाही मी त्यांचे नाव नीट लिहीपर्यंत चार मिनिटे बाहेर ठेवले होते, त्याचा राग होता तो.

ती आली. कॅमेरा बंद, टोपणनावाने. वडील शेजारी बसलेत हे तिने आधीच सांगितले होते. मशीनचा आवाज येत होता; तिची पाळी आली तेव्हा तो थांबला. तीच कविता तिने पहिल्या ओळीपासून वाचली.

मला वाटले, झाले, संपले. तसे संपत नसते. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' या नावांनी गिटहब नावाच्या संकेतस्थळावर मुसलमान स्त्रियांचे फोटो लिलावाला मांडले गेले. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. ज्या चारचौघांत बोलत होत्या त्या. त्यांनी स्वतः उघडपणे टाकलेलेच फोटो उचलले होते. 'बुल्ली बाई'मध्ये शंभराहून अधिक स्त्रिया होत्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांत ज्यांना पकडले ती विशीच्या आसपासची, शिकणारी मुले होती. त्यांत एक मुलगीही होती.

त्या आठवड्यात रात्री अकराला लातूरहून फोन आला.

"मॅडम, अपनी बच्ची का तो नै ना उसमें?"

मी म्हणाले, नाही. म्हणाले खरे, पण मला काय माहीत? त्या बायका नामांकित, ही कुठली? तरीही रात्रभर झोप लागली नाही. सकाळी मी हिशेब मांडला, तिचा फोटो इंटरनेटवर कुठे कुठे असेल? तिचे फेसबुक नाही, काही नाही. एकाच ठिकाणी होता. आमच्या पोस्टरवर. फोटो, खाली पूर्ण नाव, गाव, कॉलेज. तो फोटो तिने होऊन दिला नव्हता, मी मागितला होता. दीड वर्ष तो तीस ग्रुपांत, कुणाकुणाच्या फेसबुकवर तसाच पडून होता आणि कुणाला काढावासा वाटला नव्हता. दोन दिवस मी ओळखीच्या सगळ्यांना फोन करून तो काढायला लावला. काहींनी काढला. काही म्हणाले, "आता एवढं जुनं कोण बघतंय?" हे म्हणणारे सगळे पुरुष होते, हेही नमूद करते.

त्या फोनच्या वेळी एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, ती नंतर आली. त्यांनी 'आता बंद करतो' असे म्हटले नव्हते.

आमची बैठक आता पुन्हा घरांत भरते. चपला उंबऱ्यापाशी, दार उघडे, पूर्वीसारखेच. मधून मधून मात्र पावसाळ्यात किंवा लातूरच्या मंडळींना येणे जमत नाही तेव्हा ऑनलाइन बसतो, आणि तेव्हा वेटिंग रूमवर मीच असते.

मागच्या वेळी असे बसलो होतो. तिची पाळी सुरू झाली होती. आता ती एम.ए. झाली आहे, कॅमेरा कधी सुरू ठेवते, कधी नाही. मी विचारत नाही. तेवढ्यात बाहेर एक नाव आले. नाव कसले, मोबाइल कंपनीचे नाव आणि पुढे काही आकडे. यादीत असे कुणी नव्हते. मी आत घेतले नाही. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मी पुन्हा बाहेर ठेवले. मग माझ्या दुसऱ्या फोनवर घंटी वाजली.

"मॅडम, कबसे बाहर खडा हूं मैं. दुकान से लगाया, नया फोन है."

"नाम लिखो ना अपना," मी हळू आवाजात म्हणाले.

"नाम कां लिखते इसमें?"

मी सांगत गेले, ते शोधत गेले. इथे दाबा, नाही तिथे नाही, वर. शेवटी पडद्यावर त्यांचे नाव उमटले, दोन अक्षरे चुकलेली. मी त्यांना आत घेतले. तोवर तिची कविता वाचून झाली होती आणि लोक वाहवा देत होते.

"हो गई क्या?" त्यांनी विचारले. त्यांचा माइक सुरू होता, सगळ्यांनी ऐकले.